कळंब्यातला समुद्र

“मास्तर! ओ मास्तर! खाली या! गुलाल! गुलाल आलाय गुलाल!”

मी दाढीला नुकता फेस लावला होता. कोल्हापुरात सकाळी सकाळी गुलालाची आरोळी उठली की दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी निवडून आलेलं असतं, नाहीतर कुणाच्या तरी बैलजोडीनं शर्यत मारलेली असते. आमचे घरमालक कुठल्या निवडणुकीला उभे नव्हते आणि त्यांच्याकडं बैलही नव्हते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी जिना उतरलो.

खाली आप्पा, म्हणजे तेच घरमालक, धोतराचा सोगा कमरेला खोचून पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभे होते. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि उंच धरलेल्या हातात बोटाएवढी काचेची नळी. तलावातलं पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग पट्टीशी ताडून बघायचा, अशी ती कंपनीनं दिलेली पेटी होती. नळीतलं पाणी लालगुलाबी झालं होतं. नुसतं लालगुलाबी नव्हे, मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट असतो तसलं.

“बघा रंग! काल नुसता फिका हुता. सांच्याला दोन घमेली चुना सोडला, आन आज ह्यो असा! पास का न्हाई आपलं पानी?”

“नापास,” मी म्हणालो. “पिवळं आलं तर पाणी आंबट, लाल आलं तर चुनखडी. मधला नारिंगी रंग पाहिजे. आपला पीएच पट्टीवरचा शेवटचा रंग ओलांडून पुढं गेलाय, आप्पा. अजून चढला तर जोतिबावर सापडेल.”

आप्पांनी नळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या गालावरच्या फेसाकडं बघितलं.

“लाल आलं म्हंजे नापास?” ते गरजले. “कुठल्या गावात, ओ?”

आप्पांच्या आवाजाबद्दल आधी सांगितलं पाहिजे, कारण ओळख पहिल्यांदा त्याची व्हायची, माणूस मागून यायचा. ते इथं घरी कळंब्यात खाकरले की तिकडं लांब गडमुडशिंगीच्या म्हशी पान्हा चोरायच्या. कळंब्याच्या तुरुंगातले कैदी त्यांच्या हाकेला ‘हजर’ म्हणून उठून उभे राहायचे, असं एका निवृत्त शिपायानं मला शपथेवर सांगितलंय, आणि तो शिपाई पीत नव्हता. आमच्या अंगणात कावळा म्हणून बसत नसे. पितृपक्षात त्यामुळं शेजाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. पानं वाढून ती माणसं आशेनं आभाळाकडं बघत बसायची आणि इकडं आप्पा दूधवाल्याशी गप्पा मारत असायचे. शेवटी एक शिष्टमंडळ येऊन ‘दुपारपर्यंत तेवढं गप्प बसा’ अशी विनंती करून जायचं. आप्पा कबूल करायचे. मोठ्यानं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. घराण्यातली माणसं अजून मार्केट यार्डात आहेत आणि तो आवाज सगळ्यांना सारखाच उतरलाय.

मूळ धंदा गुळाचा, अडतीचा. घरातलं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि भांडण पूर्ण कानडी. आप्पांची सगळी हुशारी त्यांच्या जिभेच्या शेंड्यावर होती. सकाळी सौदे होईपर्यंत ते चहासुद्धा घेत नसत, जीभ कोरी राहावी म्हणून. गुळाच्या ढेपेचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “पेठ वडगावच्या अंगचा हाय. गुळव्यानं चुना जरा चढा टाकलाय. बायकुसंगं भांडला असंल त्या दिवशी.” चौकशी केली तर भांडणसुद्धा खरं निघायचं.

आता हे चुन्याचं काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या रसाला अंगची थोडी आंबट बाजू असते. गुऱ्हाळात रस कढत असताना गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालून तो आंबटपणा मारतो. मग रानभेंडी कुटून तिचं बुळबुळीत पाणी सोडतो, की सगळी मळी फेसासारखी वर येते आणि रस काचेसारखा होतो. आप्पांच्या मते जगातल्या सगळ्या गढूळ गोष्टींवर हेच दोन उपाय होते, चुना आणि भेंडी. संसार, राजकारण, पोट, काहीही घ्या.

दुसरी खोड रुमालाची. पूर्वी सौदे व्हायचे ते रुमालाखाली हात घालून. देणाऱ्यानं घेणाऱ्याची बोटं दाबायची आणि भाव सांगायचा, बाहेरच्याला पत्ता नाही. ती पद्धत गेली, पण आप्पांच्या खांद्यावरचा रुमाल गेला नाही. ते भाजीवालीशी रुमालाखाली बोलायचे, रिक्षावाल्याशी बोलायचे. मी जागा बघायला आलो तेव्हा माझाही हात रुमालाखाली गेला होता. दोन बोटं दाबून त्यांनी विचारलं, “कुठला इषय शिकीवता?” रसायनशास्त्र म्हटल्यावर चारी बोटं दाबली आणि म्हणाले, “जागा तुमाला दिली.” मला वाटलं, विद्येची कदर आहे. तलाव खणायला घेतल्याचं मला सामान हलवल्यावर कळलं.

तो तलाव त्यांनी का बांधला, तर अक्कांच्या गुडघ्यांसाठी.

अक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी. आप्पांच्या वाट्याला जेवढा आवाज आला तेवढा त्यांच्या वाट्याचा कमी झाला असावा. दिवसाकाठी मोजकं बोलायच्या, आणि ते एखाद्या जड भांड्यासारखं खाली ठेवायच्या. दोन्ही गुडघे गेले होते. काठी टेकत स्वयंपाकघर ते अंगण एवढीच त्यांची दुनिया राहिली होती. गच्चीवर तर त्या कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या. वाळवणं अंगणातच घालायच्या आणि अंगणात आंब्याची सावली, म्हणून दर उन्हाळ्यात “सांडगं आंबलं” एवढंच म्हणायच्या.

मुलीच्या लग्नानंतर दोघं कोकणात देवाला गेली. तिथं अक्का नऊवारीसकट कमरेइतक्या समुद्रात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पाण्यात दुखत न्हाई की ओ.” झालं. डॉक्टरांनीही दुजोरा दिला. म्हणाले, पाण्यात चालायचा व्यायाम करा, उन्हाळ्यापर्यंत बघू, फरक पडला नाही तर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. ‘ऑपरेशन’ ऐकताच आप्पांनी डॉक्टरांचा हात रुमालाखाली ओढला आणि बोटं दाबायला सुरुवात केली. डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरलाय, म्हणून त्यांनी धीर द्यायला उलटी बोटं दाबली. आप्पा बाहेर येऊन सांगत सुटले, “दिवाळीपातुर म्हनत हुतं, मी ओढून उन्हाळ्यापातुर नेलं!”

पण माणूस खरंच घाबरला होता. त्यांचा थोरला भाऊ साध्या हर्नियाला आत गेला होता आणि बाहेर आला तो चौघांच्या खांद्यावर. तेव्हापासून आप्पा दवाखान्याच्या दारातून जाताना फूटपाथ बदलायचे.

गावातल्या पोहण्याच्या टाकीत चारचौघांत अक्का उतरणार नव्हत्या. मग समुद्रच घरी आणायचा ठरला. पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्यानं मिठाच्या पाण्याचा तलाव कसा चालतो ते समजावलं. पाण्यात मीठ घालायचं, यंत्र त्यातून वीज सोडतं, क्लोरीन तिथल्या तिथं तयार होतो. मात्र या उद्योगात पीएच आपोआप वर चढत राहतो, तो वरचेवर थोडं ॲसिड घालून खाली आणायचा. आप्पांनी या सगळ्यातलं ‘मीठ’ तेवढं ऐकलं. “एवढंच मीठ? आमच्यात आमटीला ह्याच्यापेक्षा जास्त लागतंय,” म्हणून त्यांनी दोन पोती वर टाकली.

अक्कांची अट एकच होती. “मला पाय कुठं पडतोय ते दिसाय पायजे. तळ दिसू दे, मग उतरतो.” आमच्याकडच्या बायका ‘उतरतो’च म्हणतात आणि उतरतातही. आप्पांनी तळाशी एक पितळी तांब्या सोडला. तांब्या दिसला की तळ दिसला, अशी खूण ठरली.

तांब्या काही दिसेना. आधीच बोअरचं जड पाणी, त्यात नवं सिमेंट, त्यात यंत्र, आणि वर आप्पांचा चुना. पीएच असा चढत गेला की क्लोरीनचा जीवच निघून गेला. पाणी ताकासारखं पांढरं झालं. आप्पा रोज काठावर उकिडवे बसून बोट बुडवायचे, जिभेवर टेकवायचे आणि सांगायचे, “चुना कमी पडतोय.” मी म्हणायचो, “आप्पा, मिठापुढं जिभेला काय कळणार? नळीवर विश्वास ठेवा.” ते म्हणायचे, “नळी पुण्याची हाय. जीभ घरची.”

मग भेंडी झाली. ट्रॅक्टरभर रानभेंडी कुटून पाण्यात सोडली. मळी काही वर आली नाही. गाळणीचा पंप मात्र एकदा घरघरला, एकदा उचकी दिली आणि त्याच्या तोंडातून असला काही बुळबुळीत पदार्थ बाहेर आला, की दुरुस्तीला आलेला माणूस पिशवी उचलून परत गेला.

अक्का दररोज सकाळी काठी टेकत यायच्या, पांढऱ्या पाण्याकडं बघायच्या, आणि “साकु,” म्हणून परत फिरायच्या. साकु म्हणजे पुरे. त्यांना परत फिरायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागत होता. ते मला दिसत होतं, आणि आप्पांना माझ्याआधी दिसत होतं. तेवढा वेळ ते पंपाशी काहीतरी खुडबुड करत पाठ करून उभे राहायचे.

“ॲसिड घाला, आप्पा,” मी दर आठवड्याला म्हणायचो.

“संडासात वततात ते?” आभाळ फाटायचं. “त्यात माझी बायकू उतरनार? मास्तर, फौंड्रीत एकाच्या पायावर सांडलं हुतं. बूट ऱ्हायला न्हाई, पाय ऱ्हायला न्हाई. नुसता मोजा ऱ्हायला, मोजा!”

“अहो, एवढ्या पाण्यात ते लिंबू सरबताइतकंसुद्धा लागत नाही.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोभर लिंबं आली. आंबटच पाहिजे ना? मग गल्लीतल्या बायका लिंबं पिळायला बसल्या. अख्ख्या कोल्हापुरात त्या आठवड्यात मिसळीबरोबर लिंबाची फोड मिळाली नाही, म्हणतात. पाण्यावर बिया तरंगल्या, पीएच जागचा हलला नाही. मग ताक. सात घरचं ताक ओतल्यावर पाण्याचा रंग होता तोच राहिला, हा त्यातला त्यात समाधानाचा भाग. मग चिंच. दोन पोती चिंच कोळून आत गेली आणि तलाव काळसर तपकिरी झाला. अक्का आल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी वाकून बघितलं.

“आता फोडणी तेवढी द्या,” म्हणाल्या.

सगळं पाणी सोडून नव्यानं भरलं, आणि आप्पांनी माझा हात रुमालाखाली ओढला.

“बोला मास्तर. शेवटचं बोला. किती पायजे पीएच?”

“साडेसात.”

त्यांनी एक बोट दाबलं. “साडेआठाला सोडा.”

“आप्पा, हा काय गूळ आहे?”

“बरं, सव्वाआठ. तुमचं न्हाई, माझं न्हाई.”

“साडेसात.”

“आठ! आठाच्या खाली एक पै उतरनार न्हाई! घरात बायकू हाय माझ्या!” त्यांनी माझी बोटं इतकी दाबली, की पुढं दोन दिवस मी फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होतो. सौदा मोडला. पाणी पुन्हा पांढरं व्हायला लागलं. दिवाळी झाली, थंडी आली. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला आणि उन्हाळ्याची तारीख धरून ठेवायला सांगितली. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. मुख्य म्हणजे ओरडलेही नाहीत. शेजारच्यांनी येऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

दुसऱ्या दिवशी ते सौद्याला गेले आणि जिन्याच्या कठड्यावर काठी वाजली. अक्कांना वर येता येत नव्हतं, म्हणून बोलावायची ती पद्धत होती.

“मास्तर, किती घालायचं?”

“काय?”

“ॲसिड वो. दुसरं काय? चिंच सपली.”

“पण आप्पा...”

“त्यांना सांगा म्हणून कोण म्हणतंय?” त्या पायरीवर टेकल्या. “हे बघा. मी ऑपरेशनला न्हाई भीत. आत मला गुंगी देतील, मी झोपतो. पण भाईर ह्ये एकटं बसणार. त्यांचं काय करायचं? दवाखान्याच्या काचा तरी ऱ्हातील का?”

मी ॲसिडचे कॅन आणून दिले. बादलीत आधी पाणी, मग हळूहळू ॲसिड, उलट कधीच नाही, हे त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पंप चालू असताना, लांबच्या काठानं, थोडं थोडं. त्या कामाला अक्का नऊवारीवर रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर मिरची कुटायच्या वेळचा मोठा चष्मा लावायच्या. त्या अवतारात त्यांना बघून पोस्टमननं एकदा पत्र फाटकावरूनच फेकलं.

चुन्याचं कामही त्यांनी आपल्याकडं घेतलं. “तुम्ही मार्केटला जावा, चुना मी घालतो,” म्हणाल्या. आप्पांनी आनंदानं सोपवलं. तो चुना कुठं जायचा? अंगणात नारळाची झाडं होती. बुंध्याला चुना लावतातच, तो त्या कामाच्या बाईकडून लावून घ्यायला लागल्या. त्या हिवाळ्यात आमचे नारळ आधी गुडघ्यापर्यंत पांढरे झाले, मग छातीपर्यंत, मग मानेपर्यंत. शेवटी शेवटी रिक्षावाले पत्ता सांगताना ‘बँडेज बांधलेल्या माडांचं घर’ म्हणायचे. आप्पांनी एकदा मान वर करून बघितलं आणि म्हणाले, “यंदा माड चांगलं उजळल्यात.”

नळीतला रंग लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा नारिंगी झाला. यंत्राच्या पत्र्यांवरची चुनखडीचे पापुद्रे सुटले. आणि एका सकाळी तांब्या दिसला. आधी नुसता पिवळा ठिपका, दोन दिवसांनी काठासकट अख्खा तांब्या.

“भेंडी!” आप्पा ओरडले. “म्हनलं हुतं का न्हाई? भेंडीला येळ लागतोय, पन करतीय!” बोट बुडवून जिभेवर टेकवलं आणि डोळे मिटले. “आन चव बघा आता. चुना कसा बरुबर बसलाय!”

अक्का माझ्याकडं बघत नव्हत्या. मीही त्यांच्याकडं बघत नव्हतो.

मग त्यांनी काठी पायरीशी ठेवली, कठडा धरला आणि उतरल्या. पहिली पायरी, दुसरी पायरी. लुगडं फुगून भोवती घमेल्यासारखं झालं. छातीइतक्या पाण्यात त्या जरा थांबल्या, खाली वाकून आपले पाय बघितले आणि चालायला लागल्या. काठीशिवाय. त्या तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत आप्पांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या शांततेत कुठून तरी एक कावळा येऊन आंब्यावर बसला, इकडंतिकडं बघून जागा खरीच आहे ना याची खात्री करून गेला. दुसऱ्या फेरीला मात्र आप्पांना कंठ फुटला, आणि त्यांनी सौद्याच्या चालीवर बायकोचा पुकारा सुरू केला, “दोन झालं, दोन झालं, तीन कोन म्हनतंय, तीन!” अक्का पाण्यातूनच म्हणाल्या, “साकु.”

त्यानंतर भेंडी-चुन्याचा महिमा जिल्हाभर झाला. आप्पा दुकानात गिऱ्हाइकाला गूळ दाखवण्याआधी पीएच सांगायचे. एका साखर कारखान्याच्या इंजिनिअरला त्यांनी दोन तास उभं करून समजावलं. येईल त्या पावण्याला तलावाच्या काठावर नेऊन बोट बुडवून चाटायला लावायचे. आमच्याकडं त्या काळात पावणं जरा कमीच यायचं.

ऐन उन्हाळ्यात कंपनीचा माणूस पुण्याहून वार्षिक तपासणीला आला. आप्पांनी त्यालाही काठावर उभं करून सगळी कृती सांगितली. तो सभ्यपणे ऐकत होता. यंत्र उघडून त्यानं आतले पत्रे बघितले, नळी भरली, पट्टीला लावली आणि खूश होऊन म्हणाला,

“वा साहेब! ॲसिडचं प्रमाण इतकं बरोबर ठेवलेलं मी कुठं बघितलं नाही. कोण घालतं?”

“कसलं ॲसिड?” आप्पांनी हळू विचारलं. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मला वर जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं.

दोन मिनिटांत ते कोठीच्या खोलीतून बाहेर आले. गुळाच्या ढेपांमागचे रिकामे कॅन दोन्ही हातांत, एकाचं बूच दातात. बूच थुंकलं आणि जो आवाज निघाला तो ऐकून कंपनीचा माणूस चप्पल सोडून गाडीत जाऊन बसला.

“मास्तर! आवो मास्तर! ॲसिडात बुडिवली हो माझ्या बायकूला! चार म्हैनं! म्हंजे मी रोज ॲसिड चाटलं? हाडं इरगळली आसतील तिची! मोजा ऱ्हाईल नुसता, मोजा! कुठं हाय ती? आगं ए!”

ते स्वयंपाकघरात गेले. नव्हत्या. न्हाणीघरात नव्हत्या. तलावात वाकून बघितलं, तळाशी तांब्या तेवढा चकाकत होता. परत आले तर अक्कांची काठी जिन्याखाली भिंतीला टेकून उभी. ती त्यांनी उचलली, तिच्याकडं बघितलं, आणि आवाज एकदम चिरकला.

“काठी हितंच हाय की! काठी टाकून गेली कुठं? आगं बोल की! कुठं हाईस?”

वर गच्चीच्या कठड्यावरून अक्कांचं डोकं दिसलं. हाताला कोहळं घातलेलं डाळीचं वाटण लागलं होतं.

“वरडा, वरडा. सांडगं घालतोय. कावळं येत न्हाईत.”